वाचक विचारतात : ३९०० मीटर खोलीचं घड्याळ बनतं कसं?

मागच्या अंकात रोलेक्सच्या डीपसी या डायव्हिंग घड्याळावर एक छोटी चौकट छापली होती, त्यात ३९०० मीटर हा आकडा होता आणि त्या एका आकड्यावर इतके मेसेज आले की यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : माणूस ३९०० मीटर खोल जाऊच शकत नाही ना? मग असं घड्याळ बनवायचं कशाला? आणि एवढा दाब घेणारी काच नेमकी कसली असते?
— एक वाचक, डोंबिवली

नाही जाऊ शकत. हौशी स्कूबावाल्यांची मर्यादा ४० मीटर. आणि खुल्या समुद्रात माणसाने सगळ्यात खोल जाऊन काम केलं ते ५३४ मीटरवर, १९८८ साली, मार्सेजवळ, कोमेक्स या फ्रेंच कंपनीच्या डायव्हर्सनी. पुढे १९९२ मध्ये त्याच कंपनीने जमिनीवरच्या चेंबरमध्ये एका डायव्हरला ७०१ मीटरएवढ्या दाबापर्यंत नेलं. माणसाचं शरीर तिथपर्यंत. त्यामुळे ३९०० हा आकडा मनगटासाठी नाहीये, ती घड्याळाच्या जोडांची परीक्षा आहे. घड्याळात पाणी धातूतून किंवा काचेतून शिरत नाही, जिथे दोन वस्तू एकमेकींना भेटतात तिथून शिरतं, म्हणजे काच आणि केस (घड्याळाचा धातूचा डबा), मागचं झाकण आणि केस, क्राऊन (बाजूची चावी) आणि त्याची नळी. हे तीन जोड सांभाळले की घड्याळ सांभाळलं, आणि ३९०० मीटरला जो जोड टिकतो तो ६० मीटरला दहा वर्षं त्रास देत नाही, म्हणून मला हा खटाटोप अजिबात वायफळ वाटत नाही.

आता हिशोब करून बघा. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो, म्हणजे ३९०० मीटरवर ३९० बारच्या आसपास, दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास ४०० किलो. काचेचा उघडा भाग ३० मिलिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर, म्हणजे नुसत्या काचेवर पावणेतीन टनांहून जास्त भार. काच असते कृत्रिम नीलमची, सफायर म्हणतात ती. ही दाबाला जबरदस्त पण ताणाला कच्ची. पाणी वरून दाबतं तेव्हा काच अगदी किंचित आत वाकते, वरचा पृष्ठभाग आकसतो आणि आतला ताणला जातो, त्यामुळे तडा जायचाच असेल तर आतल्या बाजूने सुरू होतो. यावर उपाय जाडी. जाडी दुप्पट केली की तो ताण चौथाईवर येतो. डीपसीची काच ५.५ मिलिमीटर जाड आहे आणि थोडी फुगीर.

पण काच जाड केली म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण तो पावणेतीन टनांचा भार काच कुणाच्या तरी अंगावर टाकणारच. केसच्या स्टीलवर टाकला तर केस दबणार, सील हलणार. मला या घड्याळात सगळ्यात जास्त आवडतं ते इथलं डोकं. केसच्या आत, बाहेरून अजिबात न दिसणारी नायट्रोजनयुक्त अतिकठीण स्टीलची एक रिंग बसवली आहे, वरून काच तिच्यावर बसते आणि खालून मागचं झाकण तिच्यावर येतं, म्हणजे पाणी जितकं जोरात दाबेल तितके दोन्ही जोड त्या रिंगवर अजून घट्ट बसतात. मागचं झाकण ग्रेड ५ टायटेनियमचं, जे स्टीलपेक्षा बरंच लवचिक असतं, दाबाखाली थोडं वाकतं आणि दाब गेला की परत जागेवर येतं. या सगळ्यामुळे घड्याळ ४४ मिलिमीटरचं आणि पावणेअठरा मिलिमीटर जाड असूनही हातात घालता येतं. २००८ सालचं डिझाइन आहे हे.

याची तुलना १९६० च्या घड्याळाशी करा. २३ जानेवारी १९६० ला जाक पिकार आणि डॉन वॉल्श त्रिएस्त नावाच्या पाणबुडीतून समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेच्या, मरियाना गर्तेच्या, तळाला गेले, तेव्हा पाणबुडीच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सचं डीप सी स्पेशल नावाचं प्रयोगासाठी बनवलेलं घड्याळ बांधलं होतं. उतरताना पाणबुडीच्या बाहेरच्या एका प्लेक्सिग्लास खिडकीला तडा गेला, घड्याळ मात्र चालत वर आलं. पण त्याची काच अर्ध्या चेंडूसारखी बाहेर आलेली, शर्टाच्या बाहीत जाणं अशक्य. २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन एकटा तिथे गेला तेव्हा त्याच्या पाणबुडीच्या यांत्रिक हातावर रोलेक्सचं जे घड्याळ होतं त्याची काच १४.३ मिलिमीटर जाड होती. आणि २०२२ ला ११,००० मीटरचं टायटेनियमचं घड्याळ विकायलाच आलं, ५० मिलिमीटरचं, त्यात काच साडेनऊ मिलिमीटर. एवढं मोठं घड्याळ मी तरी रोज घालणार नाही. पण चेंडूएवढ्या काचेपासून इथवर साठेक वर्षांत येणं, हे काम ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

ओमेगाचा रस्ता थोडा वेगळा. २०१९ मध्ये अमेरिकन साहसवीर व्हिक्टर वेस्कोवोच्या लिमिटिंग फॅक्टर या पाणबुडीबरोबर त्यांची घड्याळं मरियानाच्या तळाला गेली, आणि त्यांनी काच बसवायची कल्पना त्याच पाणबुडीच्या खिडकीवरून घेतली, म्हणजे काचेची कड उतरती, शंकूसारखी, त्यामुळे भार एका कडेवर साचत नाही, पसरतो. तेच पुढे त्यांच्या ६००० मीटरच्या अल्ट्रा डीपमध्ये आलं. ६००० मीटर म्हणजे आपली चेन्नईत तयार होत असलेली मत्स्य ६००० पाणबुडी जिथवर जाणार आहे तेवढी खोली, आणि तिथेही माणसं बसायचा गोळा टायटेनियमचाच आहे, ८० मिलिमीटर जाडीचा.

प्रश्न : आत हवा आहे म्हणून दाबाचा त्रास ना? मग हवा काढून दुसरं काही भरलं तर?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, सांगली

अगदी बरोबर पकडलंस! आत तेल भरलं की आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच, कारण द्रव दाबला जात नाही, म्हणजे दाबला जातो पण नगण्य. मग जाड काच नको, रिंग नको. जर्मनीची झिन कंपनी अशी सिलिकॉन तेल भरलेली घड्याळं बनवते आणि एक बोनस म्हणजे पाण्याखाली तिरकं बघितलं तरी डायल दिसतो, कारण काचेच्या आत हवा नसल्यामुळे आरशासारखी चमक येत नाही. अडचण एकच, मेकॅनिकल घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, तेलात झुलूच शकणार नाही, म्हणून हे फक्त क्वार्ट्झमध्ये, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळात जमतं. शिवाय तापमानाने तेल फुगतं-आकसतं, त्याला जागा ठेवावी लागते. लक्झरी घड्याळवाल्यांना मेकॅनिकलच विकायचं असतं त्यामुळे ते या वाटेला जात नाहीत, पण तांत्रिकदृष्ट्या मला हा उपाय सगळ्यात सुंदर वाटतो.

प्रश्न : माझा भाऊ ऑफशोअरला डायव्हिंगच्या लाइफ सपोर्ट टीममध्ये आहे. तो सांगतो की पूर्वी डायव्हरच्या घड्याळाची काच कोरड्या चेंबरमध्ये बसल्या बसल्या उडायची, पाण्यात नाहीच. हे खरं आहे का? आणि हीलियम व्हॉल्व्ह म्हणतात तो यासाठीच का?
— एक वाचक, उरण

खरं आहे, आणि बहुतेक लोकांना हे माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल, तळाला पाइपलाइनचं, वेल्डिंगचं काम असतं. वरून रोज खाली जाऊन परत यायचं म्हटलं तर सगळा वेळ डीकम्प्रेशनमध्ये, म्हणजे शरीरावरचा दाब हळूहळू उतरवण्यातच जाईल. म्हणून डायव्हर जहाजावरच्या चेंबरमध्ये तळाइतक्याच दाबात दिवसेंदिवस राहतात, तिथेच जेवतात, झोपतात, आणि घंटेसारख्या बंद डब्यातून थेट कामावर जाऊन येतात, शेवटी एकदाच दाब उतरवायचा. याला सॅच्युरेशन डायव्हिंग म्हणतात. दाब उतरवायला साधारण दर ३० मीटरला एक दिवस आणि वर एक दिवस लागतो. आता इतक्या दाबात साध्या हवेतला नायट्रोजन माणसाला झिंग आणतो, त्यामुळे श्वासाला हीलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण देतात, म्हणजे डायव्हर राहतात तो अख्खा चेंबर हीलियमने भरलेला.

हीलियमचा अणू अतिशय छोटा. जत्रेतला गॅसचा फुगा भोक नसताना दुसऱ्या दिवशी सकाळी मलूल पडलेला असतो, कारण गॅस रबरातूनच निघून जातो. घड्याळाचं गॅस्केट, म्हणजे जोडातली सीलची रिंग, पण रबरच. पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही पण हीलियम हळूहळू जातो, आणि आठवडाभर चेंबरमध्ये राहिलं की घड्याळाच्या आत चेंबरएवढ्याच दाबाचा हीलियम भरलेला असतो. तोपर्यंत काही त्रास नाही, आत-बाहेर दाब सारखा. त्रास सुरू होतो दाब उतरवताना. चेंबरचा दाब खाली येतो पण आतला हीलियम ज्या मंद वेगाने आला त्याच मंद वेगाने बाहेर जाणार, त्यामुळे आत जास्त, बाहेर कमी. आणि काच बसवलेली असते बाहेरून येणारा दाब घ्यायला, आतून ढकलणारा नाही! फक्त १० बारचा फरक पडला तरी ३० मिलिमीटरच्या काचेला आतून ७० किलोचा धक्का. फट्कन उडते.

अमेरिकन नेव्हीचे सीलॅब प्रयोग १९६४-६५ ला सुरू झाले, माणसं समुद्रतळावरच्या घरात राहायला लागली, तेव्हा हे ठळकपणे समोर आलं. त्या प्रयोगांतल्या डायव्हर बॉब बार्थचं नाव या व्हॉल्व्हच्या कल्पनेशी जोडलं जातं. १९६७ च्या सी-ड्वेलरमध्ये रोलेक्सने केसच्या बाजूला छोटा एकदिशा व्हॉल्व्ह बसवला, आत स्प्रिंग, आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण ३ ते ५ बारने जास्त झाला की तो आपोआप उघडतो, हीलियम सोडतो आणि परत बंद. डॉक्सा या स्विस कंपनीचंही याच सुमारास हेच काम चाललं होतं. ओमेगाच्या सीमास्टरमध्ये १० वाजताच्या जागी जी दुसरी चावी दिसते तो पण हाच व्हॉल्व्ह, फक्त हाताने उघडायचा.

पण यावर दुसरी विचारसरणी आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. गॅस बाहेर कसा काढायचा यापेक्षा आत येऊच का द्यायचा? १९७० च्या ओमेगा प्लोप्रॉफला मागचं झाकणच नव्हतं, अख्खी केस एका तुकड्यातली, म्हणजे एक जोडच कमी. जपानमध्ये १९६८ साली हिरोशिमा भागातल्या कुरे गावच्या एका डायव्हरने सेइकोला पत्र लिहिलं की तुमची घड्याळं आमच्या ३५० मीटरच्या कामात टिकत नाहीत. मोठ्या कंपनीने अशा पत्राचं काय केलं असतं कोण जाणे, पण सेइकोच्या इंजिनिअरांनी ते मनावर घेतलं, सात वर्षं काम केलं आणि १९७५ ला ६०० मीटरचं घड्याळ काढलं, टायटेनियमची एकसंध केस, बाहेरून एक संरक्षक कवच, आणि एल आकाराचं खास गॅस्केट जे हीलियमला जवळपास अडवूनच धरतं. व्हॉल्व्ह नाहीच, गरजच उरली नाही. व्हॉल्व्ह म्हणजे केसला पाडलेलं अजून एक भोक, अजून एक जोड, अजून एक सील जे कधीतरी बदलावं लागणार. गॅसला दारातच थांबवणं हे मला जास्त स्वच्छ काम वाटतं.

तुमच्या भावाला हेही सांगा की व्हॉल्व्ह नसलेलं घड्याळ चेंबरमध्ये न्यायचंच असेल तर दाब उतरवताना क्राऊन उघडा ठेवला की गॅस निघून जातो, पण पाण्यात जायच्या आधी तो बंद करायला विसरलं तर घड्याळ गेलं. आणि बाकी आपण सगळे, जे चेंबरमध्ये राहत नाही, त्यांना या व्हॉल्व्हचा आयुष्यात एकदाही उपयोग होत नाही. स्कूबाला पण नाही, कारण पाण्यात घड्याळाभोवती हीलियम नसतोच.

प्रश्न : बाहेरची रिंग एकाच बाजूला का फिरते? आणि आता सगळे डाइव्ह कॉम्प्युटर वापरतात तर तिची गरज काय?
— एक वाचक, पुणे

पाण्यात उतरताना बेझलवरची, म्हणजे या रिंगवरची, खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग काटा जिथे पोचेल तेवढी मिनिटं झाली, वजाबाकी करायची गरज नाही. रिंग फक्त काट्यांच्या उलट्या दिशेने फिरते, त्यामुळे दगडाला घासून चुकून हललीच तर झालेला वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि डायव्हर लवकर वर येतो, सिलिंडरमध्ये हवा शिल्लक असताना. चूक झाली तरी ती जिवाच्या बाजूने व्हावी असं हे डिझाइन आहे. १९५३ च्या ब्लँकपँ फिफ्टी फॅदम्समागे हाच अनुभव होता, कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः डायव्हर, दक्षिण फ्रान्समध्ये वेळेचं भान सुटून त्यांची हवा संपली होती. त्याच वेळी फ्रेंच नेव्हीच्या डायव्हर्ससाठी रोबेर मालूबिए असंच घड्याळ शोधत होते, आणि दोघांची गाठ पडली.

कॉम्प्युटर आहेच आणि तो वापरायलाच हवा, खोली आणि शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशोब घड्याळ करू शकत नाही. पण कॉम्प्युटरची बॅटरी संपली तर किती मिनिटं झाली हे सांगणारं काहीतरी हातावर असावं.

पट्ट्याकडेही बघा जरा, कुणी बघत नाही. वेटसूटचं निओप्रीन, म्हणजे फेसासारखं रबर, खोलवर दाबाने पातळ होतं, मनगट बारीक होतं आणि वर घट्ट बांधलेलं घड्याळ खाली सैल पडून फिरायला लागतं. म्हणून डीपसीच्या बकलमध्ये साधारण २ मिलिमीटरच्या टप्प्यांनी लांबी कमी-जास्त करायची सोय आहे, आणि सेइकोने त्याच १९७५ च्या घड्याळात पट्ट्याला घड्या घातल्या, तो स्वतःच ताणतो आणि आवळतो. बिनदेखभालीचं, स्वस्त, आणि उत्तम!

प्रश्न : काट्यांना रेडियम लावतात ते धोक्याचं नाही का? आणि महागड्या घड्याळांत ते निळं का चमकतं?
— एक वाचक, नाशिक

आता रेडियम नसतं. जुन्या काळी खरंच असायचं, मग बराच काळ ट्रिशियम होतं, आणि १९९० च्या दशकापासून जपानच्या नेमोतो कंपनीने शोधलेलं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट आलं, उजेड शोषतं आणि अंधारात सोडतं, किरणोत्सर्ग शून्य. पण आजोबांचं १९४०-५० चं चमकत्या काट्यांचं घड्याळ घरात असेल तर ते हौसेने उघडू नका. चमक विझली तरी रेडियम विझत नाही, त्याचं अर्धआयुष्य १६०० वर्षांचं आहे, आणि ती पावडर श्वासात जाणं वाईट.

निळ्याचं कारण पाणी. लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरमध्येच नाहीसा होतो, निळा सगळ्यात खोल पोचतो. ओमेगाने यात अजून एक छान केलंय, मिनिटकाटा आणि बेझलची खूण हिरवी, बाकी सगळं निळं, म्हणजे गढूळ पाण्यात एका नजरेत मिनिटंच दिसतात. तासाचा तिथे काही संबंध नसतो.

प्रश्न : माझ्या घड्याळावर ५० मीटर लिहिलंय. तारकर्लीला स्नॉर्कलिंग केलं, पाणी आत गेलं. दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही. ५० मीटर म्हणजे काय मग?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमचा राग समजतो, कारण तो आकडा वाचून कुणालाही तसंच वाटेल. पण साध्या घड्याळावरचा ५० मीटर म्हणजे स्थिर पाण्यात, नवीन असताना, तेवढा दाब घेतला, आणि तोही प्रत्येक नगावर तपासलेला असेलच असं नाही, नमुना तपासला तरी चालतं. डायव्हर्स घड्याळाचं मानक वेगळं आहे, आयएसओ ६४२५. त्यात कमीत कमी १०० मीटर, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब, आणि प्रत्येक घड्याळाची चाचणी. शिवाय अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, खारं पाणी, धक्का, चुंबक सगळं आलं. दाबाच्या चाचणीनंतर घड्याळ गरम करून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात आणि आत धुकं धरतंय का बघतात, धरलं तर नापास.

समुद्रात पोहायचं असेल तर १०० मीटर आणि आटे असलेला स्क्रू क्राऊन यापेक्षा कमी घेऊ नका. त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत, सेइको आणि सिटिझनची चांगली डायव्हर्स घड्याळं त्याच्या कितीतरी खाली मिळतात आणि ६४२५ त्यांनाही तितकंच लागू आहे. लाखांतल्या घड्याळात पैसे जातात ते मशीनच्या फिनिशिंगला, धातूला, नावाला आणि त्या ३९०० मीटरला, जे आपल्याला लागणार नाही. ज्याला आवडतं आणि परवडतं त्याने जरूर घ्यावं, सुंदर वस्तू आहे. पण पाण्यापासून सुरक्षित राहायला म्हणून नको.

आणि गॅस्केट म्हातारं होतं, घड्याळ कितीही भारी असो. घाम, साबण, गरम पाण्याची अंघोळ, परफ्यूम याने रबर कडक पडतं. पाण्यात वापरत असाल तर वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट करून घ्या, बॅटरी बदलायला मागचं झाकण उघडलं की गॅस्केट नवीनच टाकायला सांगा आणि टेस्ट तुमच्यासमोर करायला लावा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या घड्याळाचं आत्ता असं करा, की ते उन्हात किंवा तांदळात ठेवून वाट बघू नका, खारं पाणी आतल्या स्टीलला काही तासांत गंज धरवतं, आजच उघडून साफ करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या, आणि तोवर क्राऊनला हात लावू नका.